विद्येचा अधिकारी कोण?

सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर, तोरणमाळचे पठार आहे. मधोमध यशवंत तलावाचे विस्तीर्ण पाणी, जवळच गोरक्षनाथाचे देऊळ आणि एका अंगास सीताखाईची खोल दरी, असा तेथील देखावा आहे. थंड हवेच्या ओढीने येणारे प्रवासी तो पाहून प्रसन्न चित्ताने परत जातात, आणि महाशिवरात्रीस यात्रेकरूंची दाटी होते. परंतु यात्रा उलगडल्यावर मागे राहतात ती पावरा व भिल्ल कुटुंबे, आणि त्यांची मुले. घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या या मुलास शाळेत गेल्याबरोबर मराठी शिकावी लागते, आणि मराठी जिभेवर रुळते न रुळते तोच उच्च शिक्षणासाठी इंग्रजीशी झुंजावे लागते. शहाद्याची बाजारपेठ गाठावयाची तर घाट उतरून सुमारे ५५ किलोमीटर जावे लागते. अशा मुलाच्या हाती महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज पडतो, तेव्हा त्या अर्जावर छापलेला नसलेला एक प्रश्न त्याला विचारला जात असतो : तू या विद्येचा अधिकारी आहेस काय?

हा प्रश्न आजचा नव्हे. आपल्या देशात विद्यादानाइतकाच तो जुना आहे. शिष्याची पारख गुरूने करावी, अनधिकाऱ्यास विद्या देऊ नये, हे वचन आपण लहानपणापासून ऐकत आलो. मात्र पारख कोणी करावयाची, कोणत्या वयात करावयाची आणि कोणत्या मापाने करावयाची, याविषयी महाराष्ट्रात गेल्या दोन-अडीच शतकांत जे प्रयोग झाले, त्यांचा सलग विचार क्वचितच केला जातो. तो थोडक्यात करून पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

पेशवाईतील श्रावणमासाच्या दक्षिणेपासून प्रारंभ करणे सोयीचे होईल. दाभाड्यांनी सुरू केलेला हा प्रघात १७३१ मध्ये त्रिंबकराव दाभाडे डभईच्या लढाईत पडल्यानंतर पुण्यास पेशव्यांकडे आला. दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण पुण्यास जमत, पर्वतीच्या पायथ्याजवळच्या रमण्यात दक्षिणा वाटली जाई, आणि जे खरोखर विद्वान असत त्यांची शास्त्रीमंडळी परीक्षा घेऊन योग्यतेप्रमाणे रक्कम ठरवीत. म्हणजे निवड होती, परीक्षा होती, गुणवत्तेची प्रतवारीही होती. परंतु ही सर्व पारख रमण्याच्या आतली होती. रमण्याबाहेर कोण राहावे हे परीक्षेच्या आधीच, जन्माने, ठरून गेलेले होते. पुढे इंग्रजी अंमल आल्यावर १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात जी पाठशाळा निघाली, तीही याच दक्षिणेच्या द्रव्यावर व याच समाजासाठी. १८४९ मध्ये काही सुधारक तरुणांनी, या निधीतील काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा असा अर्ज केला, तेव्हा पुण्यात केवढी खळबळ उडाली हे सर्वश्रुत आहे. निधी कोणाचा आणि अधिकारी कोण, हा वाद तेव्हा प्रथमच भर रस्त्यावर आला.

या पार्श्वभूमीवर १८५९ चे वर्ष पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व ध्यानी येते. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि दोन वर्षांनी पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक्युलेशन, झाली. १३२ उमेदवार बसले. २२ उत्तीर्ण झाले. त्या बावीसांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही दोन नावे होती. १८६२ मध्ये पदवीची पहिली परीक्षा झाली, तेव्हा रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे चौघे बी.ए. झाले. रानड्यांनी इतिहास व अर्थशास्त्र या विषयांत सन्मानाची पदवीही मिळविली. ज्याला आपण ऑनर्स म्हणतो तो शब्द मराठी घरांत शिरला तो याच काळी. जुन्या दक्षिणेचे द्रव्यही आता 'दक्षिणा फेलो' या नव्या नावाने अशाच तरुणांच्या हाती येऊ लागले.

या परीक्षेत एक मोठी गोष्ट झाली, ती मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. उत्तरपत्रिकेवर जात लिहिलेली नसते. परीक्षकास उमेदवाराचे कुळ ठाऊक नसते. जन्माने ठरणारा अधिकार बाजूस सारून कागदावरील अक्षरांस अधिकार देणारी ही व्यवस्था, रमण्याच्या चार भिंती पाहिलेल्या समाजात, क्रांतीहून कमी नव्हती. आज परीक्षापद्धतीवर टीका करणे सोपे झाले आहे. पण तिच्या आधी काय होते याचे विस्मरण होऊ देता कामा नये.

तथापि परीक्षा उत्तीर्ण झाल्याने विद्यार्थी सर्वस्वी स्वतंत्र होतो असेही नाही. रानड्यांच्या चरित्रकारांनी नोंदविलेली एक हकीकत बोलकी आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालयात असता त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजांच्या कारभाराशी तुलना केली, आणि ती इंग्रजांस अनुकूल नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट रानड्यांच्या बुद्धीचे चाहते होते. परंतु जे सरकार तुला शिकविते त्याच्यावरच टीका करतोस, असे बजावून त्यांनी सहा महिन्यांपुरती त्यांची शिष्यवृत्ती बंद केली. निवड करणारा हात निवडलेल्यावर आपली काही मालकीही समजतो, हे या प्रसंगातून उघड होते.

परीक्षेच्या न्यायास पहिला मर्मभेदी प्रश्न विचारला तो जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणाचा पुरस्कार केला हे सर्वांस माहीत आहे. परंतु शिष्यवृत्त्यांविषयी त्यांनी जे सांगितले त्याकडे फारसे लक्ष जात नाही. त्यांचे म्हणणे असे की, स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे हे तत्त्वतः न्याय्य दिसते. परंतु ज्या वर्गांत विद्येची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच तिचा लाभ होतो, आणि इतर वर्गांत शिक्षण पसरण्यास तिचा उपयोग होत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या, ज्यांच्यात शिक्षणाची प्रगती झालेली नाही अशा वर्गांसाठी ठेवाव्यात. पुढील शतकभर प्रवेशाविषयी जे जे वाद झाले, त्यांचे बीज या चार-दोन वाक्यांत आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. फुल्यांनी स्पर्धा खोटी आहे असे म्हटले नाही. शर्यत खरी आहे. पण धावणारे एका रेषेवर उभे नाहीत, एवढेच त्यांनी दाखविले.

त्यांचे म्हणणे किती यथार्थ होते याचे प्रत्यंतर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दोन उदाहरणांवरून येते. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावे मॅट्रिकमध्ये संस्कृतात सर्वोच्च गुण मिळविणाऱ्यांस शिष्यवृत्ती दिली जात असे. 'शंकरशेट स्कॉलर' ही पदवीसारखी बिरुदावली होती. ती ज्या घरी येई त्या घरी पेढे वाटले जात आणि पिढ्यान्पिढ्या तिचा उल्लेख होई. १९१२ मध्ये चिंतामण द्वारकानाथ देशमुख मॅट्रिकला पहिले आले व ही शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. त्यांच्या बुद्धिमत्तेविषयी कोण शंका घेईल? पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व देशाचे अर्थमंत्री झालेले हे गृहस्थ कोणत्याही परीक्षेत चमकलेच असते.

परंतु याच परीक्षेस पाच वर्षांपूर्वी, १९०७ मध्ये, भीमराव आंबेडकर नावाचा एक विद्यार्थी बसला होता. त्यास संस्कृत शिकण्याची उत्कट इच्छा होती. अस्पृश्य म्हणून शाळेत त्यास संस्कृत शिकविले गेले नाही. नाइलाजाने त्याने फारशी घेतली. शिष्यवृत्तीच्या नियमांत जातीची अट कोठेही नव्हती. विद्यापीठाचे दार उघडे होते, परीक्षक निःपक्षपाती होते, उत्तरपत्रिकेवर नाव नव्हे तर क्रमांक होता. तरीही ही शिष्यवृत्ती त्या विद्यार्थ्यास मिळणे अशक्य होते. कारण निवड परीक्षेच्या दिवशी झालीच नव्हती, ती कित्येक वर्षे आधी शाळेच्या वर्गात होऊन गेली होती. पुढे त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने संस्कृताचा अभ्यास केला, ही गोष्ट त्यांच्या थोरवीची साक्ष आहे. व्यवस्थेच्या न्यायाची नव्हे.

जी गोष्ट जातीची तीच स्त्रीत्वाची. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस पदवीपरीक्षेत त्यांनी असे यश मिळविले की, विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती नियमाप्रमाणे त्यांचीच व्हावयाची. ती त्यांना नाकारण्यात आली. कारण उमेदवार स्त्री होती. हितचिंतकांनी निधी जमविला, त्या ऑक्सफर्डला गेल्या, आणि १८९२ मध्ये तेथील कायद्याची परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. येथे तर परीक्षेचा निकाल लागल्यानंतर दार लावले गेले.

मग ज्यांना दार लावले गेले त्यांचे काय झाले? पहिला उपाय आश्रयदात्याचा. आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा झालेल्या सत्कारसमारंभात कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले, आणि पुढे त्यांनीच या विद्यार्थ्याची सयाजीराव गायकवाडांशी गाठ घालून दिली. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले, आणि दरमहा २५ रुपयांची वृत्ती मंजूर झाली. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. या एका भेटीने देशाच्या इतिहासाला वळण लागले असे म्हणावयास हरकत नाही. पण केळुसकर गुरुजी त्या विद्यार्थ्याच्या परिचयाचे नसते तर? आश्रयदात्याची दृष्टी कितीही उदार असली तरी ती जेथवर पोहोचते तेथवरच प्रकाश पडतो. तोरणमाळच्या पठारावर तो कधीच पडला नाही.

कोल्हापुरास शाहू महाराजांनी हे ओळखून दुसरा मार्ग धरला. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले आणि त्यापाठोपाठ निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. २६ जुलै १९०२ च्या आज्ञेने मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्यात आल्या. वसतिगृह हा शब्द आपण सहज उच्चारतो. परंतु खेड्यातील मुलास महाविद्यालयात जागा मिळूनही राहावयास खोली व दोन वेळचे अन्न मिळाले नाही तर ती जागा त्याच्यासाठी नसल्यासारखीच असते. निवडीच्या इतिहासात वसतिगृहाचे स्थान परीक्षेच्या बरोबरीचे आहे.

तिसरा मार्ग कायद्याचा. १९४४ मध्ये अस्पृश्य वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि १९४८ मध्ये ती आदिवासी विद्यार्थ्यांसही लागू झाली. संविधान अंमलात आल्यावर मद्रास प्रांतातील वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या जातवार जागावाटपाविरुद्ध चंपकम् दोराईराजन यांचा खटला उभा राहिला. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरविले, आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्यांस देण्यात आला. स्वतंत्र भारताच्या संविधानातील पहिल्या दुरुस्तीच्या कारणांत महाविद्यालयाचा प्रवेश हे एक कारण होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. फुल्यांनी १८८२ मध्ये जे मागितले होते, ते सत्तर वर्षांनी घटनेत उतरले.

हा प्रश्न आपल्याच देशापुरता आहे अशी कोणाची समजूत असेल तर अमेरिकेकडे पाहावे. तेथे १९०० मध्ये महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षांसाठी एक सामाईक मंडळ निघाले आणि १९२६ मध्ये बुद्धिमापनाच्या धर्तीवरील एक सर्वसाधारण चाचणी सुरू झाली. पुढे १९५० च्या दशकात काही महाविद्यालयांनी 'आगाऊ निर्णया'ची चाल पाडली : विद्यार्थ्याने नेहमीच्या मुदतीपूर्वीच एका महाविद्यालयाकडे अर्ज करावा, तेथे निवड झाल्यास तेथेच जाईन असे वचन द्यावे, आणि त्याला उत्तरही इतरांच्या आधी मिळावे. वरवर पाहता ही सोय निरुपद्रवी दिसते. परंतु कोठे किती द्रव्यसाहाय्य मिळेल याची तुलना न करता वचन कोण देऊ शकतो? ज्याला द्रव्याची चिंता नाही तो. आणि असा अर्ज केव्हा व कसा करावयाचा हे आधी कोणास कळते? ज्याच्या शाळेत जाणता सल्लागार आहे त्यास. हा आक्षेप मान्य करून हार्वर्ड व प्रिन्स्टन या विद्यापीठांनी २००६ मध्ये आपापली आगाऊ प्रवेशाची पद्धत बंद करण्याचे जाहीर केले. परंतु इतर बहुतेकांनी अनुकरण केले नाही आणि २०११ मध्ये दोघांनीही ती पुन्हा सुरू केली. एखादी प्रथा अन्यायाची आहे हे कळूनही स्पर्धेच्या भयाने ती सोडवत नाही, हा अनुभव केवळ आपल्याच वाट्यास आलेला नाही.

आता पुन्हा सातपुड्याकडे वळू. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन भाग झाले तेव्हा तोरणमाळचा मुलूख पश्चिम खानदेशात गेला. पुढे तो धुळे जिल्ह्यात राहिला आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार या नव्या जिल्ह्यात आला. १९४५ च्या सुमारास अमळनेर व जळगाव येथे महाविद्यालये निघेपर्यंत साऱ्या खानदेशातील विद्यार्थ्यास पदवीसाठी नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. जेथे तालुक्याच्या गावच्या वकिलाच्या मुलासही हे अवघड, तेथे अक्राणीच्या डोंगरातील पावऱ्याच्या मुलाचे नाव कोण काढणार? विद्यापीठ जळगावास आले ते १९९० मध्ये. नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२० मध्ये. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती, नंदुरबार जिल्ह्याची ६४ टक्के. आणि याच जिल्ह्यात दर दहा माणसांपैकी सुमारे सात आदिवासी आहेत. राज्यात आदिवासींसाठी ७ टक्के जागा राखीव आहेत. पण राखीव जागेवर हक्क सांगावयाचा तर आधी बारावी व्हावे लागते, आणि डोंगरातील कित्येक मुलांची शाळा त्याच्या फार आधीच सुटते.

म्हणून गेल्या चाळीस वर्षांत निवडीचे वय खाली आणण्याचा प्रयोग झाला. १९८५-८६ पासून नवोदय विद्यालये निघाली. पहिल्या दोहोंपैकी एक आपल्याच अमरावती जिल्ह्यात होते. पाचवीतल्या मुलाची परीक्षा घ्यावयाची, उत्तीर्ण झाल्यास सहावीपासून बारावीपर्यंत त्याला निवासी शिक्षण विनामूल्य द्यावयाचे, आणि निदान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांस द्यावयाच्या, अशी ही योजना आहे. साक्री तालुक्यातील सामोडे गावचा एक भिल्ल मुलगा या परीक्षेतून अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात गेला, मुंबईस डॉक्टर झाला, प्रशासकीय सेवेत निवडला गेला आणि अखेर नंदुरबारचा जिल्हाधिकारी म्हणून याच डोंगरांत परत आला. डॉक्टर राजेंद्र भारुड यांची ही कथा त्यांनी स्वतःच 'मी एक स्वप्न पाहिलं' या पुस्तकात लिहिली आहे. लवकर केलेली निवड काय करू शकते याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

तरीही एक शंका मनास शिवल्यावाचून राहत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाची पारख करताना आपण त्याची बुद्धी मोजतो की त्याच्या गावातल्या शिक्षकाची हजेरी? केंद्र सरकारने १९९७-९८ पासून आदिवासी मुलांसाठी ज्या निवासी शाळा काढल्या त्यांस एकलव्याचे नाव दिले. नाव समर्पक आहे. परंतु ज्या निषादपुत्रास गुरूने प्रवेश नाकारला त्याचे नाव कमानीवर लिहून, त्या कमानीखाली पुन्हा प्रवेशपरीक्षा घ्यावी लागते, यातील विसंगती आपल्यास बोचली पाहिजे. दोष शाळेचा नव्हे. शाळा थोड्या आणि मुले फार, हे त्याचे कारण आहे. जागा थोड्या असल्या म्हणजे निवड अपरिहार्य होते, आणि निवड झाली म्हणजे मागे राहिलेल्या मुलास आपण मंदबुद्धी आहोत असे वाटू लागते. निवडीचा हा परिणाम कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदला जात नाही.

हा सर्व इतिहास आज आठवण्याचे कारणही आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात जी चौकट आखून दिली, तीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सचा मार्ग मोकळा ठेवला आहे. अट सर्वांना सारखी आहे. १८५९ चीही होती. परंतु ज्या विद्यार्थ्याची पहिली दोन वर्षे परकी भाषा अंगवळणी पडण्यात गेली, त्याचे पहिल्या सत्राचे गुण आणि ज्याच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येते त्याचे पहिल्या सत्राचे गुण एकाच तराजूत टाकले तर काय होईल, हे सांगण्यास फुल्यांची प्रतिभा लागत नाही. सत्रांची नुसती सरासरी न काढता पहिल्यापासून सहाव्यापर्यंत विद्यार्थी किती चढला हेही पाहिले, आणि पहिल्याच वर्षी भाषेसाठी खास शिकवणीची सोय केली, तर गुणवत्तेस बाध न येता न्याय साधेल असे आम्हांस वाटते. हे वाचणाऱ्या घरांतील मुले बहुधा उंबरठ्याच्या आत आहेत; म्हणूनच या प्रश्नाची जबाबदारी त्या घरांवर अधिक आहे.

रमण्यातील शास्त्री, विद्यापीठाचा परीक्षक, बडोद्याचे महाराज, न्यायालय आणि पाचवीच्या परीक्षेचा कागद, असे निवड करणारे बदलत गेले. प्रत्येक नव्या पद्धतीने आधीच्या पद्धतीचा एक अन्याय दूर केला आणि नकळत एक नवा उंबरठा घातला. विद्येचा अधिकारी कोण, या प्रश्नाचे शेवटचे उत्तर अजून मिळालेले नाही, आणि कोणत्याही एका परीक्षेने ते मिळावयाचे नाही. पण उत्तर बरोबर आहे की नाही हे पडताळून पाहण्याची एक जागा आहे. सातपुड्याचा घाट चढून तोरणमाळच्या तलावाकाठी जावे, तेथील शाळेत बसलेल्या मुलाकडे पाहावे, आणि आपण केलेला नियम त्याच्या भाषेत त्याला समजावून सांगता येतो का व सांगताना आपली मान ताठ राहते का, हे स्वतःस विचारावे.